पायथनचं पॅकेज बसतं पण चालत नाही: लिनक्सवर व्हेनव्हचा बिघाड शोधायचा क्रम

आधी लक्षणं बघा, म्हणजे हे तुमच्यासाठी आहे की नाही ते लगेच कळेल.

पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं सांगितलं, पण प्रोग्रॅम चालवला की 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं. किंवा पिप सुरूच होत नाही, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा लांबलचक इशारा देऊन थांबतो. व्हेनव्ह बनवायला गेलं की 'एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल' म्हणतो. फोल्डर दुसरीकडे हलवल्यावर 'बॅड इंटरप्रिटर' येतं. डाउनलोड अर्ध्यावर जाऊन 'रीड टाइम्ड आउट' होतं. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं लक्षण स्क्रीनवर दिसतच नाही, ते फोनवर येतं: "काल चालत होतं ना भो, आज काय झालं?"

जळगाव-भुसावळपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतच्या लॅब, क्लासेस आणि मुलांचे लॅपटॉप हे माझं रोजचं काम. प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. केळीच्या पानावरचा करपा फोटोवरून ओळखणारा प्रोग्रॅम एखाद्या मुलाने मन लावून लिहिलेला असतो, कोड बरोबर असतो, आणि त्याच्या रात्री पॅकेज बसवण्यात जातात. हे टाळता येतं. जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी एकच प्रश्न असतो: पॅकेज कोणत्या पायथनमध्ये बसलं आणि प्रोग्रॅम कोणता पायथन चालवतोय? खालच्या बहुतेक तपासण्या या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच आहेत. फुकटच्या आणि मिनिटभराच्या आधी, वेळखाऊ नंतर.

एक सूचना. कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची. व्हेनव्ह म्हणजे व्ही-ई-एन-व्ही ही चार अक्षरं, हे पायथनसोबत येणाऱ्या साधनाचं नाव. ते प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं 'वातावरण' बनवून देतं, म्हणजे स्वतःचा पायथन आणि स्वतःची पॅकेजं असलेला फोल्डर. एन्व्ह म्हणजे ई-एन-व्ही, हे मी वातावरणाच्या फोल्डरला देतो ते नाव.

पहिली तपासणी: कंस दिसतोय का?

टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसात (एन्व्ह) दिसतंय का ते बघा. नसेल तर वातावरण चालूच नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि 'सोर्स एन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट' द्या. टर्मिनलची नवी खिडकी उघडली की हे परत करावं लागतं, कारण ॲक्टिव्हेट फक्त त्या एका खिडकीपुरतं असतं. 'काल चालत होतं' या तक्रारीतल्या बऱ्याच जणांचा बिघाड इथेच संपतो.

कंस दिसतोय तरी चालत नाही? मग कंसावर विश्वास ठेवू नका, विचारून घ्या. 'व्हिच पायथन' द्या, मग 'पिप --व्हर्जन' द्या. दोन्हींच्या उत्तरात तुमच्या प्रोजेक्टमधल्या एन्व्ह फोल्डरचाच पत्ता आला पाहिजे. एकाचा पत्ता एन्व्हमधला आणि दुसऱ्याचा 'यूएसआर/बिन'मधला असेल तर बिघाड सापडला: पिप एका पायथनमध्ये सामान ठेवतोय आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात शोधतोय. म्हणूनच नुसतं 'पिप इन्स्टॉल' न म्हणता 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' म्हणायची सवय लावा. मग जो पायथन चालतोय त्याच्यातच पॅकेज जातं, दुसरीकडे जायला वाटच राहत नाही.

ओळीच्या सुरुवातीला (बेस) दिसत असेल तर कॉन्डाही, म्हणजे वातावरणं बनवणारं दुसरं साधन, चालू आहे. कॉन्डा आणि व्हेनव्ह एकावर एक चढवू नका. 'कॉन्डा डीॲक्टिव्हेट' द्या, मग आपलं वातावरण चालू करा.

प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालतो पण व्हीएस कोडमधून नाही, असं असेल तर टर्मिनलचा काही दोष नाही. व्हीएस कोड हा एडिटर स्वतःचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथन, वेगळा निवडतो. खालच्या पट्टीत पायथनची आवृत्ती दिसते, तिच्यावर क्लिक करून एन्व्हमधला पायथन निवडा. ज्युपिटर नोटबुकचं तसंच, तिथे इंटरप्रिटरऐवजी कर्नल बदलावा लागतो, आणि त्यासाठी एन्व्हमध्ये 'आयपीवायकर्नल' हे पॅकेज बसवलेलं असावं लागतं. क्रॉनमधून रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला ॲक्टिव्हेट माहीतच नसतं. तिथे एन्व्हच्या बिनमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहायचा. ॲक्टिव्हेट न करताही तो पत्ता चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तारीख, फाइलचं नाव, पॅकेजचं नाव

या तिन्ही गोष्टी बघायला मिनिट लागतं, पण लक्षात कोणाच्या येत नाहीत.

जुन्या पीसीची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते. मग पिप सर्टिफिकेटची तक्रार करतो, कारण त्या तारखेच्या हिशोबाने सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. लोक इंटरनेटला दोष देतात, राउटर बंद-चालू करतात. कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारीख दुरुस्त करा, आणि ती नाण्याएवढी बॅटरी बदलून टाका. नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

तुमच्या फोल्डरमध्ये सीएसव्ही.पीवाय, रँडम.पीवाय किंवा नमपाय.पीवाय अशा नावाची तुमचीच फाइल आहे का? पायथन आधी प्रोग्रॅमच्या शेजारी बघतो, मग बाकीकडे. तुमची फाइल सापडली की खऱ्या मॉड्यूलपर्यंत तो पोचतच नाही. फाइलचं नाव बदला.

आणि बसवायचं नाव व बोलवायचं नाव एकच असतं असं नाही. कोडमध्ये 'सीव्ही२' लिहितात, पण पिपला 'ओपनसीव्ही-पायथन' सांगावं लागतं. 'पीआयएल'साठी 'पिलो', 'एसकेलर्न'साठी 'सायकिट-लर्न', 'यॅमल'साठी 'पायवायएएमएल'. 'सिरियल' फसवं आहे: आर्डुइनोशी बोलायला लागतं ते 'पायसिरियल', पण 'सिरियल' नावाचं वेगळंच पॅकेजही पिपला सापडतं आणि बिनतक्रार बसतं. मृदेतला ओलावा मोजणाऱ्या प्रोजेक्टांत हा घोळ फार बघतो. 'टीकेइंटर' तर पिपमधून येतच नाही, उबुंटूवर ते 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-टीके' ने येतं, आणि एकदा आलं की एन्व्हलाही दिसतं. (ॲप्ट म्हणजे उबुंटूचं स्वतःचं पॅकेज बसवणारं साधन, सुडो म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं.)

'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणतोय म्हणजे काय?

हा बिघाड नाही. हे कुलूप आहे आणि ते मुद्दाम लावलेलं आहे. उबुंटू २३.०४, डेबियन १२ यांच्यापासून, म्हणजे २०२३ सालापासून, सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट काही टाकू देत नाहीत. पिपच्या २३.० या आवृत्तीपासून पिप ते कुलूप मानतो.

कारण समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. त्यांना लागणारी पॅकेजं ॲप्टने आणलेली असतात. तुम्ही 'सुडो पिप' करून त्यातल्याच एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती टाकली की ती 'यूएसआर/लोकल'मध्ये जाते, आणि पायथन शोधताना तिथे आधी बघतो. मग सिस्टिमच्या साधनाला जुनी आवृत्ती हवी असते आणि हातात नवी येते. तुमचा प्रोग्रॅम चालायला लागतो, आणि चार आठवड्यांनी अपडेट करताना भलतीच चूक समोर येते. तोपर्यंत आपण काय केलं होतं हे कोणालाच आठवत नाही.

त्या इशाऱ्यातच खाली 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा पर्याय सुचवलेला असतो. तो वापरू नका. युट्यूबवर कोणी सांगितलं तरी नको. नावातच लिहिलंय की सिस्टिमची पॅकेजं मोडतील.

सरळ मार्ग असा: प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'पायथन३ -एम व्हेनव्ह एन्व्ह' द्या, ॲक्टिव्हेट करा, मग पिप वापरा. इथे 'एन्शुअरपिप' ची चूक आली तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेनव्ह' द्या. व्हेनव्ह पायथनमध्ये ३.३ पासून आहे, पण डेबियन आणि उबुंटू त्याचा काही भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. ते आणलं की अर्धवट बनलेला एन्व्ह फोल्डर काढून टाका आणि नव्याने बनवा. अर्धवटावर पुन्हा कमांड देऊन वेळ घालवू नका.

तुम्हाला कोडमध्ये वापरायचं पॅकेज नको असेल, नुसता वायटी-डीएलपीसारखा तयार प्रोग्रॅम हवा असेल, तर पिपएक्स वापरा. तो प्रत्येक प्रोग्रॅमला आपोआप वेगळं वातावरण देतो. बसवल्यावर एकदा 'पिपएक्स एन्शुअरपाथ' देऊन टर्मिनल बंद करून उघडायचं, नाहीतर 'कमांड नॉट फाउंड' येत राहतं.

डाउनलोड अर्ध्यावर तुटतंय

पिप उत्तराची वाट फक्त १५ सेकंद बघतो. गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेवढ्यात काही होत नाही. कमांडच्या शेवटी '--टाइमआउट १००' जोडा, बहुतेक वेळा काम होतं.

टॉर्च, म्हणजे पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं पॅकेज, बसवत असाल तर थांबा आणि बघा, तुमच्या लॅपटॉपला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे का? नसेल तर नुसतं 'पिप इन्स्टॉल टॉर्च' केल्यावर त्या कार्डासाठीची कित्येक जीबींची पॅकेजं उगाच उतरतात. पायटॉर्चच्या साइटवर 'सीपीयू' निवडलं की वेगळी कमांड मिळते, ती घ्या. डेटा पॅक वाचतो आणि जागाही.

नेट अजिबात धरत नसेल तर पेनड्राइव्हचा रस्ता आहे. कॉलेजात चांगल्या नेटवर 'पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी पेटी' द्या. रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी, ती कशी काढायची ते पुढे आहे. पेटी नावाच्या फोल्डरमध्ये सगळं जमा होईल. घरी ते आणून 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=पेटी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' द्या. अट एकच: दोन्हीकडे लिनक्स, प्रोसेसरचा प्रकार आणि पायथनची आवृत्ती सारखी असावी, कारण पॅकेजच्या तयार फायली त्या-त्या जोडीसाठीच बनवलेल्या असतात.

फोल्डर हलवलाय, कॉपी केलाय, की उबुंटू नवीन केलंय?

पुन्हा पुन्हा उलटणारा बिघाड हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

एन्व्हमधल्या बिन फोल्डरातली पिप नावाची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. पहिल्याच ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला दिसेल: होम, मग तुमचं नाव, मग प्रोजेक्ट, मग एन्व्ह, बिन, पायथन. हा पत्ता वातावरण बनवताना पक्का लिहिला जातो. तुम्ही फोल्डर डेस्कटॉपवरून डॉक्युमेंट्समध्ये नेला, किंवा त्याचं नाव बदललं, की तो पत्ता खोटा ठरतो. तेच 'बॅड इंटरप्रिटर'. मित्राच्या लॅपटॉपवर तर त्या नावाचा होम फोल्डरही नसतो.

पेनड्राइव्हवर वातावरण बनवायला गेलात तर आणखी वेगळी अडचण. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट किंवा एक्सफॅट असतात, त्यांच्यावर लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फायली) बनत नाहीत, आणि व्हेनव्हला त्या लागतात. कोड पेनड्राइव्हवर ठेवा, वातावरण लॅपटॉपच्या होम फोल्डरमध्येच बनवा. विंडोजच्या डी ड्राइव्हवरही नको.

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलात तर सिस्टिमचा पायथन ३.१० चा ३.१२ होतो. एन्व्हमधला पायथन ही सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारी लिंक असते, त्यामुळे ती आता ३.१२ कडे बोट दाखवते, आणि पॅकेजं मात्र ३.१० च्या फोल्डरात पडून असतात. सगळं डोळ्यांसमोर असतं आणि एकही सापडत नाही.

या सगळ्यांवर उपाय एकच, आणि तो ऐकून मुलं घाबरतात: एन्व्ह फोल्डर डिलीट करा आणि नव्याने बनवा. दुरुस्त करत बसू नका. वातावरण ही जपायची वस्तू नाही. जपायचा तो तुमचा कोड आणि रिक्वायरमेंट्सची यादी. इन्स्टॉल चालू असताना लोडशेडिंग झालं आणि मशीन बंद पडलं, नंतर पिप 'इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्यूशन' म्हणतोय, तरी हेच करा. म्हणूनच तुमच्या स्वतःच्या फायली एन्व्हच्या आत कधीही ठेवू नका. डिलीट करण्याआधी आत डोकावून खात्री करा.

यादी काढायची ती वातावरण चालू असताना: 'पिप फ्रीज > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी'. ती उघडून वाचा. 'पायथन-ॲप्ट' किंवा 'कमांड-नॉट-फाउंड' अशी नावं दिसली तर ती उबुंटूची स्वतःची पॅकेजं आहेत, म्हणजे यादी एन्व्हच्या बाहेरून निघाली. ती दुसरीकडे बसणार नाही. मित्राला प्रोजेक्ट देताना एन्व्ह सोडून बाकीचा फोल्डर आणि ही यादी द्या.

'पर्मिशन डिनाइड' आणि इतर अवशेष

एन्व्ह चालू असताना सुडो लावलं की दोनपैकी एक होतं. 'सुडो पिप' असेल तर सुडो तुमचं ॲक्टिव्हेट मानत नाही आणि सिस्टिमचा पिप चालतो. सुडोला एन्व्हमधल्या पिपचा पत्ता दिला असेल तर आतल्या फायली रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी तुम्हालाच अडवतात. मालकी परत घेता येते, पण नवं वातावरण बनवणं लवकर होतं.

नव्या वातावरणातही भलत्याच आवृत्त्या दिसत असतील तर 'एको $पायथनपाथ' देऊन बघा, शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत. पॅकेजं आणखी कुठे शोधायची ते पायथनला यातून कळतं. काही उत्तर आलं तर बॅशआरसी फाइलमध्ये (टर्मिनल उघडताना ती आपोआप वाचली जाते) कोणीतरी ती ओळ टाकलेली आहे. रोबोटिक्सचं आरओएस बसवलेल्या मशीनवर ती हमखास असते. त्या खिडकीपुरतं 'अनसेट पायथनपाथ' द्या आणि पुन्हा चालवून बघा. ओळ पुसून टाकू नका, आरओएसला ती लागते.

पॅकेज जागेवर बनवायला लागलं तर

स्क्रीनवर जीसीसी (हा कंपायलर, म्हणजे मूळ कोडवरून प्रोग्रॅम बनवणारं साधन), 'पायथन.एच' अशी नावं आणि लाल मजकुराचे ढीग दिसायला लागले, म्हणजे पिपला तयार फाइल मिळाली नाही आणि तो मूळ कोडवरून पॅकेज बनवतोय. लगेच कंपायलर आणायला धावू नका. आधी विचारा, तयार फाइल का मिळाली नाही? बहुतेक वेळा तुमचा पायथन त्या पॅकेजसाठी जास्तच नवा असतो, किंवा यादीतली आवृत्ती फार जुनी असते. ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हे पॅकेज बनवायचं जुनं साधन काढून टाकलंय, त्यामुळे जुन्या सीनियरच्या प्रोजेक्टमधली यादी नव्या उबुंटूवर तशीच्या तशी बसत नाही. यादीतली आवृत्ती वाढवून चालतं का बघा. जुनाच पायथन हवा असेल तर यूव्ही हे साधन वापरा: 'यूव्ही व्हेनव्ह --पायथन ३.११' दिलं की ते स्वतंत्र पायथन उतरवून त्याचं वातावरण बनवतं आणि सिस्टिमच्या पायथनला हातही लावत नाही. अशा वातावरणात पिप नसतो, तिथे 'यूव्ही पिप इन्स्टॉल' म्हणायचं.

तरीही बनवावंच लागलं तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पायथन३-डेव्ह' द्या. चार जीबी रॅमच्या मशीनवर मधेच 'किल्ड' येऊन थांबलं तर रॅम संपली. ब्राउझर बंद करून एकदा बघा. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात पंखा धुळीने भरलेला लॅपटॉप अशा वेळी तापून बंदही पडतो, मग पॅकेजचा विचार सोडा आणि पंखा साफ करून घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ॲप्ट स्वतःच पायथनच्या चुका दाखवतोय, टर्मिनल उघडत नाही, किंवा कोणीतरी 'पायथन३' काढून टाकलं आणि सोबत डेस्कटॉपही गेला, तर पुढे काही टाइप करू नका. इथे प्रत्येक नवी कमांड दुरुस्ती अवघड करते. 'यूएसआर/बिन/पायथन३' ची लिंक बदलून जुन्या किंवा नव्या पायथनकडे वळवली असेल तर तेही दुरुस्त करणाऱ्याला आधी सांगा.

'इनपुट/आउटपुट एरर' किंवा 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' दिसलं तर पायथन विसरा. डिस्क जाण्याची ही लक्षणं आहेत. कोड पेनड्राइव्हवर घ्या, मशीन बंद करा, हार्डवेअरवाल्याकडे न्या.

टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचं पॅकेज बसलं पण चालवताच 'इलीगल इन्स्ट्रक्शन' येत असेल तर प्रोसेसर जुना आहे. त्याच्या तयार फायलींना एव्हीएक्स ही प्रोसेसरमधली सोय लागते आणि तुमच्या प्रोसेसरमध्ये ते नाही. इन्स्टॉल कितीही वेळा केलं तरी फरक पडणार नाही. दुसरं मशीन किंवा गुगल कोलॅब वापरा.

कॉलेजचा सर्व्हर, पतपेढीचं किंवा दवाखान्याचं मशीन असेल तर सुडो लागेल तिथे स्वतः काही करू नका, जे सर किंवा मॅडम ते सांभाळतात त्यांना विचारा. त्यावर दुसऱ्यांचं काम चालतं.

मदत मागताना नुसता 'एरर येतोय' असा मेसेज नको. तीन गोष्टी पाठवा: 'व्हिच पायथन' चं उत्तर, 'पिप --व्हर्जन' चं उत्तर, आणि एररचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मजकूर म्हणून कॉपी केलेला. मोबाइलने काढलेल्या फोटोत नेमकी कामाची ओळ कापली जाते.